मोजून पाहिलेला बाजार : गोखले संस्थेतील ग्राहक व विक्रीव्यवहाराच्या अभ्यासाची वाटचाल

गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेचा इतिहास सांगताना काही कामांचा उल्लेख हमखास होतो. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या सिंचनाचे अर्थशास्त्र, मुंबई कुळकायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी, लोकसंख्येचे अभ्यास आणि १९७१ चा दारिद्र्यावरचा अहवाल ही त्यांतली ठळक नावे. या कामांच्या आडोशाला आणखी एक धागा पहिल्या वर्षांपासून चालत आला आहे. सामान्य माणूस काय विकत घेतो, त्यासाठी किती मोजतो, विकणारा त्याच्याशी कसा वागतो आणि मधल्या मध्ये कोणाच्या हाती किती उरते, या प्रश्नांचा तो धागा आहे. आज या विषयांना ग्राहकवर्तन, विपणन आणि विक्रीनीती अशी स्वतंत्र दालने मिळाली आहेत. संस्थेत त्यांचा अभ्यास सुरू झाला तेव्हा देशातली पहिली आयआयएम स्थापन व्हायला तीन दशके अवकाश होता. या लेखात संस्थेच्या वाटचालीतला तेवढाच धागा धरला आहे.

पाया

नामदार गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी भारत सेवक समाज स्थापन केला. सार्वजनिक काम करणाऱ्याने आधी अभ्यास करावा, आकडे आणि कागद पाहावेत, मग बोलावे, ही त्यांची शिस्त. साताऱ्याचे रावबहादूर आर. आर. काळे यांनी याच समाजाच्या स्वाधीन एक देणगी केली आणि तिच्यातून ६ जून १९३० रोजी संस्था उभी राहिली. काळे यांच्या स्मरणार्थ पुढे व्याख्याने सुरू झाली. २९ जानेवारी १९३९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी संघराज्य आणि स्वातंत्र्य या विषयावर दिलेले गाजलेले व्याख्यान याच मालेतले.

पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते. केंब्रिजला लिहिलेला भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरचा त्यांचा प्रबंध १९२४ मध्ये ग्रंथरूपाने आला होता आणि पाठोपाठ सुरतच्या महाविद्यालयाचे प्राचार्यपदही त्यांनी सांभाळले होते. १९६६ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे, संस्था त्यांच्या हाताखाली घडली. ग्रंथालयात बसून लिहायचे ते लिहायचेच, पण प्रश्नावली घेऊन गावात, बाजारात आणि घराघरांत जायचे, ही संस्थेची रीत त्यांनी घालून दिली. ही रीत कोणत्या विषयावर आधी अजमावली गेली हे पाहिले तर आजच्या वाचकाला थोडे नवल वाटेल.

फळांचा बाजार

संस्थेच्या अगदी सुरुवातीच्या प्रकाशनांत १९३३ चे एक पुस्तक आहे. धनंजयराव आणि व्ही. आर. गाडगीळ यांनी मिळून लिहिलेल्या या पुस्तकाचा विषय पुण्यातील फळांच्या विक्रीची पाहणी हा आहे. राष्ट्रीय चळवळ ऐन भरात होती, जागतिक मंदीने शेतमालाचे भाव कोसळले होते. अशा काळात एका नव्या अर्थशास्त्र संस्थेने शहरातल्या फळांच्या खरेदी-विक्रीकडे मोर्चा वळवावा, यामागे विचार होता.

फळ हा नाशवंत माल. धान्य उत्पादकाला चार दिवस थांबवता येते, अंजीर थांबत नाही. माल घेऊन आलेला बागाईतदार भाव पडला म्हणून तो परत नेऊ शकत नाही आणि हे समोरच्याला पक्के ठाऊक असते. त्यामुळे विकणारा आणि घेणारा यांच्यातली ताकदीची तफावत अशा बाजारात सगळ्यांत उघडी पडते. बागाईतदाराला हाती पडणारी पट्टी आणि शहरातल्या गिऱ्हाइकाने डझनामागे मोजलेले पैसे या दोन टोकांच्या मध्ये अडत, हमाली, तोलाई, वाहतूक, नासाडी आणि किरकोळ विक्रेत्याचा नफा अशी उतरंड असते. तिच्यातला कोणता खर्च खरा आणि कोणता नुसता रिवाजाच्या नावावर कापलेला, हे बाजारात उभे राहून विचारल्याशिवाय कळत नाही.

या प्रश्नाला त्या काळात मोठा संदर्भ होता. शेतीवरच्या शाही आयोगाने १९२८ च्या अहवालात शेतमालाच्या बाजारांतील गैरप्रकारांची नोंद केली होती. खोटी वजने, नमुना म्हणून काढून घेतलेला आणि परत न केलेला माल, धर्मादायासारख्या नावांखाली होणाऱ्या कपाती आणि रुमालाखाली बोटे धरून ठरणारे सौदे ही त्यांतली उदाहरणे. रुमालाखालच्या सौद्यात भाव अडत्याला आणि खरेदीदाराला कळे, माल ज्याचा होता त्याला मात्र कळत नसे. आयोगाने नियंत्रित बाजारांची आणि बाजारांच्या शास्त्रशुद्ध पाहण्यांची शिफारस केली. वऱ्हाडात कापूस आणि धान्याच्या बाजारांसाठी १८९७ पासूनच कायदा होता, मुंबई इलाख्यात शेतमालाच्या बाजारांचा सर्वसाधारण कायदा यायला १९३९ उजाडले. केंद्र सरकारनेही शेतमाल विपणनाचे वेगळे खाते उघडले ते १९३५ मध्ये. पुण्याची पाहणी या दोन्हींच्या आधीची आहे.

विक्रीच्या नीतीकडे पाहण्याची संस्थेची दृष्टी या सुरुवातीतच दिसते. अडत्या वाईट आणि शेतकरी बिचारा अशी मांडणी करणे सोपे होते. संस्थेने ते केले नाही. व्यापाऱ्याच्या स्वभावाची चिकित्सा करण्यापेक्षा तो ज्या व्यवस्थेत वागतो तिची मांडणी करायची, प्रत्येक टप्प्यावर काय खर्च होतो आणि कोणती माहिती कोणापासून दडलेली राहते ते पाहायचे, मग नियम कोठे हवा ते ठरवायचे, हा तो मार्ग. सचोटीची अपेक्षा करण्याआधी काटा उघड्यावर आणा आणि भाव मोठ्याने बोला, असे त्याचे सार सांगता येईल.

प्रवासी, शेतकरी, शहरवासी

दोनच वर्षांनी, १९३५ मध्ये, गाडगीळ आणि एल. व्ही. गोगटे यांनी मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटारबस वाहतुकीची पाहणी प्रसिद्ध केली. एसटी जन्माला यायची होती. खाजगी मोटारमालक, त्यांच्यातली चढाओढ आणि प्रवाशांची पळवापळवी हा रोजचा अनुभव होता. सेवेलाही ग्राहक असतो आणि स्पर्धा मोकाट सुटली की आधी तिकीट उतरते, मग सुरक्षितता, हा प्रश्न अभ्यासाच्या कक्षेत आला. मोटार वाहनांचा अखिल भारतीय कायदा १९३९ चा.

त्यानंतर १९४० मध्ये वाई तालुक्यातील शेतीधंद्याची पाहणी आली. शेतकरी कुटुंब हा एक धंदा मानून त्याचा जमाखर्च मांडण्याचा हा प्रयत्न होता. पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी तर संस्थेच्या प्रतिष्ठेचा विषय ठरली. तिचा पहिला भाग १९४५ मध्ये आणि दुसरा १९५२ मध्ये प्रकाशित झाला. दरम्यान एन. व्ही. सोवनी यांनी कोल्हापूर शहराची पाहणी हाती घेतली. या कामांत नमुन्याने कुटुंबे निवडणे, तपासनीसांना तयार करणे, उत्तरांची पडताळणी करणे ही कारागिरी मुरत गेली. शहरातल्या कुटुंबाकडे कमावणारे आणि खर्च करणारे एकक म्हणून पाहायची सवय इथे लागली आणि पुढच्या चाळीस वर्षांत ती कामी आली.

टंचाईच्या दिवसांत

दुसऱ्या महायुद्धाने ग्राहकाचे रूपच पालटले. पैसे असूनही माल मिळेना. काळाबाजार हा नित्याचा शब्द झाला. १९४३ मध्ये बंगालचा दुष्काळ पडला आणि शहरांतून रेशनिंग आले. त्याच वर्षी गाडगीळ आणि सोवनी यांचे युद्ध आणि भारताचे आर्थिक धोरण यांवरचे पुस्तक संस्थेने प्रसिद्ध केले. किमतींचे नियंत्रण तुकड्यातुकड्यांनी करून भागत नाही, पुरवठा आणि वाटप हाती घेतल्याशिवाय ठरवलेला भाव कागदावरच राहतो, हा त्या काळच्या अनुभवाचा धडा होता.

१९४७ मध्ये केंद्र सरकारने वस्तूंच्या किमतींसाठी मंडळ नेमले. त्यावर ए. डी. गोरवाला आणि गाडगीळ हे दोघे होते. नियंत्रणे एकदम उठवू नयेत अशी या मंडळाची भूमिका होती. देशातले वातावरण उलट होते. महात्मा गांधींनीही नियंत्रणे काढण्याचा आग्रह धरला होता आणि डिसेंबर १९४७ मध्ये धान्यावरील नियंत्रणे सैल करण्यात आली. भाव भराभर चढले आणि पुढच्याच वर्षी सरकारला पुन्हा नियंत्रणाकडे वळावे लागले. या वादात कोण किती बरोबर होते यावर अर्थशास्त्रज्ञ आजही मतभेद नोंदवतील. संस्थेच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की टंचाईत विक्रेत्याची नीती हा प्रश्न केवळ त्याच्या विवेकावर सोडता येत नाही, हे तिच्या संचालकांनी धोरणाच्या पातळीवर मांडले आणि लोकांना न रुचणारी बाजू घेऊन मांडले.

विचारायचे कसे?

१९४९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. प्रशांतचंद्र महालनोबिस अध्यक्ष, गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव सदस्य. देशातले लोक काय खातात, काय वापरतात याची विश्वासार्ह माहितीच नाही हे स्पष्ट झाले आणि राष्ट्रीय नमुना पाहणीचा जन्म झाला. ऑक्टोबर १९५० ते मार्च १९५१ या काळात तिची पहिली फेरी ग्रामीण भागात झाली.

या फेरीत संस्थेचा वाटा वेगळ्या प्रकारचा होता. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या प्रश्नपत्रिकांबरोबर पुण्यात तयार झालेल्या प्रश्नपत्रिकाही वापरल्या गेल्या. वि. म. दांडेकर यांनी त्यांवर लिहिलेला अहवाल संस्थेने १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. वरवर पाहता हे रुक्ष काम. पण ग्राहकाच्या अभ्यासाचे मर्म त्यातच आहे. गेल्या आठवड्यात घरात किती तेल लागले असे विचारले तर एक उत्तर मिळते, गेल्या महिन्यात किती असे विचारले तर वेगळे. आठवणीतून निसटलेली खरेदी, घरच्या शेतातून आलेले धान्य, पाहुण्यांना घातलेले जेवण, बलुत्यापोटी दिलेला वाटा, हे सारे कोणत्या रकान्यात बसवायचे? रकाना चुकला की माणसाची भूक कमी किंवा जास्त दिसू लागते.

हा प्रश्न किती खोल आहे याचा प्रत्यय पन्नास वर्षांनी आला. १९९९-२००० च्या फेरीत अन्नखर्चासाठी सात दिवस आणि तीस दिवस अशा दोन्ही मुदती एकाच घरात विचारल्या गेल्या. त्यामुळे उत्तरे एकमेकांत मिसळली आणि देशातले दारिद्र्य खरोखर किती घटले यावर वर्षानुवर्षे वाद चालला.

पन्नासच्या दशकात संस्थेचा व्याप वाढला. १९५४ मध्ये कृषी-आर्थिक संशोधन केंद्र आले, १९५९ मध्ये 'अर्थविज्ञान' हे त्रैमासिक सुरू झाले. त्याच सुमारास विकणाऱ्यांचाही अभ्यास पुढे गेला. गाडगीळ आणि संस्थेतील सहकाऱ्यांनी भारतातील व्यापारी समाजांच्या उदयावरची टिपणे १९५१ मध्ये प्रसिद्ध केली आणि आधुनिक व्यापारी वर्गाच्या उगमावरचे गाडगिळांचे पुस्तक १९५९ मध्ये आले. व्यापारी असे का वागतात याचे उत्तर जात, पत, कर्ज, नातेसंबंध आणि राजसत्ता यांच्या इतिहासात शोधण्याचा हा प्रयत्न होता. दुसरीकडे विठ्ठलराव विखे पाटील यांच्याबरोबर प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याची उभारणी करताना गाडगीळ त्याच्या अध्यक्षपदी बसले. फळबाजारात उत्पादकाची बाजू दुबळी का पडते याचा अभ्यास केलेल्या माणसाने उत्पादकांनाच प्रक्रिया आणि विक्रीचे मालक करण्याच्या प्रयोगात हात घातला, ही संगती ध्यानात घेण्याजोगी आहे.

पंधरा रुपये आणि साडेबावीस रुपये

१९६२ मध्ये योजना आयोगाच्या अभ्यासगटाने, ज्यात गाडगीळही होते, किमान जीवनमानासाठी १९६०-६१ च्या किमतींनुसार दरमाणशी दरमहा २० रुपये खर्च हवा असे सुचवले. आरोग्य आणि शिक्षण सरकार पुरवील असे गृहीत धरून ते त्यातून वगळले होते. हा आकडा कोणत्या आधारावर टेकला आहे हा प्रश्न राहिला होता.

गाडगिळांनंतर दांडेकर संचालक झाले. त्यांनी आणि नीळकंठ रथ यांनी केलेला भारतातील दारिद्र्याचा अभ्यास जानेवारी १९७१ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त दोन भागांत छापून आला. ग्राहकवर्तनाच्या अभ्यासकाने हा अभ्यास मुद्दाम वाचावा, त्याचे कारण त्याच्या पद्धतीत आहे. आहारतज्ज्ञाने सर्वांत स्वस्त पौष्टिक पदार्थांची यादी करावी, तिला बाजारभाव लावावा आणि एवढ्यात माणूस जगू शकतो असे म्हणावे, ही एक रीत होती. त्या यादीप्रमाणे प्रत्यक्षात कोणी जेवत नाही. दांडेकर आणि रथ यांनी उलट दिशेने पाहिले. लोक आपल्या आवडीनिवडी, चालीरीती आणि नाइलाज यांसह जसे खर्च करतात तसे केल्यावर दरडोई रोज २,२५० कॅलरी कोणत्या खर्चाच्या पातळीवर पदरात पडतात, हे त्यांनी नमुना पाहणीच्या आकड्यांतून शोधले. १९६०-६१ च्या किमतींना खेड्यात दरमाणशी दरमहा १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये ही रेषा त्यांनी धरली. तिच्याखाली ग्रामीण लोकसंख्येचा सुमारे ४० टक्के आणि शहरी लोकसंख्येचा जवळजवळ निम्मा भाग येत होता.

गरिबाने पैसे कसे खर्च करावेत हे त्याला शिकवण्याऐवजी तो ते कसे खर्च करतो हे मान्य करून हिशेब मांडणे, ही त्या कामामागची नैतिक भूमिका होती. वादही झडले. मूळचे सातारा जिल्ह्यातले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी कॅलरींच्या सरासरी गरजेलाच सीमारेषा मानण्यावर हरकत घेतली. माणसाची गरज माणसागणिक आणि दिवसागणिक बदलते, म्हणून सरासरीच्या खाली असलेला प्रत्येक जण कुपोषित ठरत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. दांडेकरांनी त्याला लेखी उत्तरे दिली. दोघेही पुण्यातलेच, दोघेही आकड्यांचे जाणकार आणि दोघेही माघार न घेणारे. अशा वादांनी संस्थेच्या कामाला धार आली.

बाजारपेठ-संशोधन आणि ग्राहक चळवळ

साठच्या दशकापासून देशात आणखी एका प्रकारचे ग्राहक-संशोधन वाढू लागले. विक्रम साराभाई यांनी १९६० मध्ये बडोद्यात ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप सुरू केला. मुंबईच्या जाहिरात कंपन्यांनी स्वतःचे संशोधन विभाग उभारले. कोणत्या घरात कोणता साबण जातो, टूथपेस्ट कोण घेते आणि दंतमंजन कोण, याची पद्धतशीर मोजणी होऊ लागली. नमुना निवडीचे तंत्र, प्रश्नावलीची शिस्त, घरोघरच्या मुलाखती ही हत्यारे दोन्हीकडे सारखीच. फरक मोजणी कोणासाठी करायची यात होता. एकीकडे उत्तर कंपनीच्या फायलीत जाई, दुसरीकडे छापील अहवालात, जिथे कोणीही ते तपासू आणि खोडू शकत असे.

याच पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले आणि पाठोपाठ मुंबईतही ते रुजले. भेसळ, वजनातली लबाडी आणि छापील किमतीची फसवणूक यांविरुद्ध मध्यमवर्ग संघटित झाला. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. चळवळ तक्रारीतून उभी राहिली आणि संस्थेचे काम पाहणीतून. दोन्हींचे मार्ग वेगळे होते, पण ग्राहक हा बाजारातला हक्कदार पक्ष आहे ही धारणा समान होती.

आजचे काम

संस्थेला १९९३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अध्यापनाचा पसारा वाढला आणि अर्थशास्त्राचे शेकडो विद्यार्थी इथून बँका, वित्तसंस्था आणि बाजारपेठ-संशोधनाच्या क्षेत्रांत गेले. त्यांच्यापैकी अनेकांच्या रोजच्या कामात ग्राहकाच्या खर्चाचे आकडे असतात.

ते आकडेही बदलले आहेत. २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत दरमाणशी मासिक खर्चाची सरासरी ग्रामीण भागात ३,७७३ रुपये आणि शहरी भागात ६,४५९ रुपये निघाली. त्यात अन्नाचा वाटा खेड्यांत सुमारे ४६ टक्के आणि शहरांत सुमारे ३९ टक्के आहे. निम्म्याहून अधिक खर्च आता प्रवास, शिक्षण, औषधोपचार, फोन आणि टिकाऊ वस्तू अशा बाबींवर होतो. या पाहणीत एकाच बैठकीत सगळे विचारण्याऐवजी तीन महिन्यांत तीन भेटी देऊन खर्च नोंदवला गेला आणि ऑनलाइन खरेदीचीही नोंद घेतली गेली. प्रश्न विचारण्याच्या पद्धतीवर १९५० च्या दशकात पुण्यात जो विचार झाला त्याची निकड संपलेली नाही, हेच यातून दिसते.

विक्रीच्या नीतीचे प्रश्नही नव्या जागी उभे आहेत. संकेतस्थळावर शेवटच्या क्षणी जोडले जाणारे शुल्क, आपसूक टोपलीत पडणारी वस्तू, सहज घेता येणारी पण सहज बंद न करता येणारी वर्गणी अशा क्लृप्त्यांना आज डार्क पॅटर्न म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांच्यावर मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि अशा तेरा प्रकारांची यादी दिली. यादी झाली, आता मोजणी हवी. या क्लृप्त्यांनी कोणत्या उत्पन्नगटाचे किती पैसे जातात, पहिल्यांदाच मोबाईलवर खरेदी करणाऱ्या खेड्यातल्या कुटुंबाला त्या कितपत कळतात, घरपोच मालाच्या साखळीत शेतकऱ्याच्या पदरात ग्राहकाच्या रुपयातले किती पैसे पडतात, यांची उत्तरे कंपन्यांकडे असली तरी ती सार्वजनिक नाहीत.

संस्थेच्या शताब्दीला आता फारसा अवकाश नाही. त्या निमित्ताने गौरवग्रंथ निघतील, व्याख्याने होतील आणि ती व्हावीतच. त्याबरोबर एक नवी पाहणी हाती घ्यावी : एक शहर आणि त्याच्याभोवतीचा एक तालुका निवडून तिथल्या कुटुंबांची वर्षभराची खरेदी, दुकानातली आणि मोबाईलवरचीही, टिपून काढावी. तपासनीस म्हणून संस्थेचे विद्यार्थी असावेत, प्रश्नावली मराठीत असावी आणि निष्कर्षांबरोबर प्रश्नावलीही छापावी, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला तिच्यातल्या चुका काढता येतील.